सेट

"हात लावू नको गो! साटां अजून सेट जावक नायत."

वेंगुर्ल्याला काकूच्या अंगणात ताटांमध्ये साटांसाठी, म्हणजे आंबापोळीसाठी, आंब्याचा रस वाळत घातला होता. मी मुकाट बोट मागे घेतलं. काकू चौथी शिकलेली, पण 'सेट' कुठे वापरायचा हे तिला पक्कं ठाऊक. पाच मिनिटांत तो पुन्हा आला. "माजो झिल आता पुण्यात सेट झालो."

हे बोलताना ती रसावरची माशी हाकलत होती. माझ्याकडे बघितलं नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यांत लांबलचक नोंद याच शब्दाची होती, चारशेच्या वर अर्थ! (आता 'रन'ने त्याला मागे टाकलंय.) घड्याळाचा गजर, मोडलेलं हाड, थिजलेली जेली, सगळ्यांना एकच सेट. आपण लावतो, बसवतो, मांडतो, जुळवतो. 'मुलाचं बस्तान बसलं' असं पूर्वी काकूच म्हणायची की!

संध्याकाळी बंदरावर गेलो. सुट्टीला आलेला तिचा सात वर्षांचा नातू ओरडला, "आजी, सन सेट झाला!"

काकूने पदर सावरत समुद्राकडे पाहिलं.

"ह्येका सेट म्हनतत? बुडालो तो."

नातू हसला. मला काही हसू आलं नाही.

घरी येऊन एक साट उचलून बघितलं. वरून सुकलेलं, खाली अजून ओलंच.