दोन सामने, एक टीव्ही, रिमोट माझ्याकडे

"भाऊ, आज केबलवर कोणती मॅच दाखवून राह्यले?" विचारणाऱ्याला वाटतं, केबलवाला कंट्रोल रूममध्ये बसून बटण दाबतो आणि मॅच लागते. माझ्याकडे वणीच्या कोळसापट्ट्यातली चार गावं आहेत. खांब, वायर, नोड (सिग्नल वाटणारा डबा) आणि शिव्या एवढंच माझ्या अखत्यारीत येतं. मॅच निवडायचं काम एकदाच माझ्यावर आलं, रविवारी २२ मे २०२२ ला, रात्री साडेआठ ते साडेदहा. तेव्हापासून दूरवर बसून निवड करणाऱ्यांना मी पूर्वीइतका मूर्ख म्हणत नाही. थोडा म्हणतो.

त्या दिवशी इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. मँचेस्टर सिटीचे ९० गुण, लिव्हरपूलचे ८९, विजेतेपद या दोघांपैकीच एकाचं. सिटीचा सामना ॲस्टन व्हिलाशी, लिव्हरपूलचा वुल्व्ह्जशी. शेवटच्या दिवशी दहाही सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे दुसऱ्याचा निकाल बघून कोणी आपला खेळ ढिला करू नये. हे शहाणपण जगाला १९८२ च्या विश्वचषकात आलं. पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा सामना त्याच गटातल्या अल्जेरियाच्या सामन्यानंतर एक दिवसाने झाला, १-० या निकालात दोघांचंही काम भागत होतं, आणि तो गोल झाल्यावर दोन्ही संघ नुसता चेंडू इकडून तिकडे ढकलत बसले. १९८६ पासून विश्वचषकात गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी होतात. न्याय झाला, पण टीव्हीवाल्याची पंचाईत झाली. एकाच वेळी दोन सामने महत्त्वाचे असतील तर दाखवायचा कोणता?

खाणीलगतच्या गावातल्या समाज मंदिरात मोठा टीव्ही एकच, बॉक्सही एकच. पोरं तीसेक. मोजून अठरा लिव्हरपूलची, नऊ सिटीची, उरलेली नुसतीच आलेली. भिंतीला टेकून बसलेल्या काकांना क्रिकेट हवं होतं.

क्रिकेटचं आधी सांगतो. त्या रात्री हैदराबाद आणि पंजाबचा आयपीएलचा शेवटचा साखळी सामना होता. दोन्ही संघ आधीच बाहेर पडलेले, निकालाने कोणाचंच काही बिघडणार नव्हतं. तरी घराघरांत तोच लागला होता. पोरांना याचा राग येतो, पण हिशेब साधा आहे. क्रिकेटमध्ये सहा चेंडू झाले की जाहिरात, विकेट पडली की जाहिरात. वीस-वीस षटकांत जाहिरातीच्या चाळीसेक जागा तयारच असतात. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटं सलग खेळ, मधली पंधरा मिनिटं सुट्टी, पुन्हा पंचेचाळीस. जाहिरात घुसवायला फटच नाही. म्हणून फुटबॉलचं चॅनेल ग्राहकाच्या वर्गणीवर जगतं, आणि वर्गणीवर जगणारं चॅनेल मूळ पॅकात फुकट येत नाही.

इंग्लंडात सामन्यांची निवड कशी होते, ते या धंद्यात राहूनही मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. हंगामाचं वेळापत्रक जूनमध्ये निघतं आणि बहुतेक सामने शनिवारी दुपारी तीनला मांडलेले असतात. मग टीव्ही कंपन्या त्यातले उचलतात आणि शुक्रवार, रविवार, सोमवारी हलवतात. २०१९ ते २०२२ च्या करारात ३८० पैकी २०० सामने इंग्लंडात थेट दिसत होते: स्कायकडे १२८, बीटीकडे ५२, ॲमेझॉनकडे २०. कोणत्या आठवड्यात पहिली निवड कोणाची आणि दुसरी कोणाची, हे ज्याने जो संच विकत घेतला त्यावर ठरलेलं असतं. पहिली निवड मिळाली म्हणून हवा तो सामना उचलता येतो असंही नाही. गुरुवारी युरोपात खेळलेला संघ शनिवारी खेळवता येत नाही, तो रविवारी जातो. मंगळवारी युरोपात खेळणाऱ्याला सोमवार देता येत नाही. एका गावातले दोन क्लब एकाच दिवशी घरच्या मैदानावर नकोत, असं पोलीस सांगतात. चाळणी लावत लावत शेवटी हातात दोन-तीन सामने उरतात, आणि लोक म्हणतात, "पुन्हा यांचाच दाखवला!"

शनिवारच्या तीनची गंमत वेगळीच. इंग्लंडात शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच कुठलाही फुटबॉल सामना थेट दाखवायला बंदी आहे. १९६० च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी बाकीच्या क्लबांना पटवलं, की मोठा सामना घरी दिसला तर लोक गावच्या छोट्या क्लबचं तिकीट काढणार नाहीत. ते अजून चालू आहे. ही बंदी आपल्याकडे नाही. म्हणजे जो सामना मँचेस्टरच्या माणसाला घरबसल्या दिसत नाही, तो आमच्या खाणीतल्या पोराला दिसू शकतो. त्यांचे तीन म्हणजे उन्हाळी घड्याळात आपले साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटी बदलतं. त्या आठवड्यात "मॅच काऊन नाही लागली?" असे फोन मला हमखास येतात.

"दिसू शकतो" म्हणालो, कारण हक्क वेगळे आणि चॅनेल वेगळं. इंग्लंडबाहेरचे हक्क घेणाऱ्या कंपनीला सगळे ३८० सामने मिळतात, पण टीव्हीवर चॅनेल मोजकेच. तीनच्या ठोक्याला पाच सामने सुरू झाले तर दोन टीव्हीवर जातात, बाकीचे ॲपवर. नवं चॅनेल एका शनिवारसाठी उघडता येत नाही, प्रत्येकाला मंत्रालयाची परवानगी लागते. मग निवड होते ती कोणत्या क्लबचे चाहते जास्त, यावर. तळातल्या दोन संघांचा सामना कितीही चुरशीचा होवो, तो टीव्हीवर येणं कठीण.

शेवटची चाळणी पॅकची. मूळ नेटवर्क भाडं तेव्हा १३० रुपये होतं, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. त्यात फुकट चॅनेल येतात, पैशाचे वेगळे घ्यायचे. गावात लोक बुके घेतात, म्हणजे मालिका, सिनेमा, क्रिकेट. पोरांना हवं असलेलं दुसरं इंग्रजी क्रीडा चॅनेल त्यात नसतंच. ज्याला पाहिजे त्याने सुटं घ्यायचं. पण लोकांना वाटतं, मीच दाबून ठेवलंय.

आता त्या दिवसाची तांत्रिक फजिती.

माझा बेत दोन टीव्हीचा होता. एका पोराच्या घरून टीव्ही आणि बॉक्स आणला, हॉलच्या वायरला दोन तोंडांचा स्प्लिटर लावला. मोठ्या टीव्हीवर चित्राचे चौकोन, धाकट्यावर नुसतं काळं. मीटर लावला. खांबावरच्या टॅपला, म्हणजे जिथून घरची वायर निघते तिथे, सिग्नलची ताकद ५८ डीबी. तिथून हॉलपर्यंत चाळीस मीटर आरजी-६ वायर, त्यात आठ गेले, राहिले ५०. स्प्लिटरने चार खाल्ले, ४६. वर माझ्या लाइनमनने मागच्या पावसाळ्यात कनेक्टर क्रिंपिंग टूलऐवजी पकडीने दाबलेला, आत हिरवा थर चढलेला. तिथे आणखी दोन गेले. पंचेचाळिसाच्या खाली गेलं की आमच्या लाइनवर चित्र फुटतं. बातम्या आणि भक्तीचे चॅनेल मात्र स्वच्छ! कारण वरच्या फ्रिक्वेन्सीला वायर जास्त खाते, आणि हेडएंडवाल्यांनी, म्हणजे जिथून सगळे चॅनेल निघतात तिथल्या लोकांनी, क्रीडा चॅनेल नेमके वरच्या टोकाला बसवलेत. हे मी तीनदा सांगून पाहिलं आहे. "बघतो" म्हणतात.

आरजी-११ ही जाड वायर ओढली असती तर तीन डीबी वाचले असते. पण रीळ वणीला, आणि दुकान रविवारी बंद. कनेक्टर कापून नवा बसवला तरी ४६, अगदी काठावर. म्हणून स्प्लिटर काढला, ५० परत आले. म्हणजे टीव्ही एकच. मग ठरलं, हॉलच्याच बॉक्सवर दुसरं चॅनेल सुटं चालू करायचं आणि आळीपाळीने बघायचं.

पोर्टलवर बॉक्सच्या कार्डाचा व्हीसी नंबर टाकला, तर वॉलेटमध्ये पैसे कमी. आम्ही एमएसओकडे, म्हणजे आम्हाला सिग्नल देणाऱ्या वरच्या कंपनीकडे, आधी पैसे भरून ठेवतो, मग ग्राहकाकडून गोळा करतो. पैसे भरले, चॅनेल टाकलं, पाच वाजता पोर्टलवर 'ॲक्टिव्ह' दिसलं. पण चारला लाइट गेलेली. बॉक्स बंद असेल तर हेडएंडने पाठवलेली परवानगी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वॅगनी भरून कोळसा आमच्या डोळ्यांदेखत जातो आणि लाइट आमचीच जाते, यावर बोलायचं मी सोडून दिलंय. लाइट सात-दहाला आली. पडद्यावर 'हे चॅनेल आपल्या पॅकमध्ये नाही'. पुन्हा हिट मारला, म्हणजे परवानगी परत पाठवली. अशा वेळी लोक बॉक्स बंद-चालू करत राहतात, तेच चुकतं. बॉक्स चालू ठेवून त्याच चॅनेलवर बसायचं, परवानगी फिरत फिरत येते. आठ-पाचला चित्र आलं.

नियम ठरला: दहा मिनिटं सिटी, दहा मिनिटं लिव्हरपूल. रिमोट माझ्याकडे, कारण मी कोणाच्याच बाजूचा नव्हतो. चॅनेल बदललं की बॉक्सला चित्र पकडायला चार सेकंद लागतात, हे मला ठाऊक होतं. चार सेकंदांची किंमत ठाऊक नव्हती.

तिसऱ्याच मिनिटाला वुल्व्ह्जच्या नेटोचा गोल, चोविसाव्याला मानेची बरोबरी. सदतिसाव्याला तिकडे मॅटी कॅश या खेळाडूने व्हिलाला पुढे नेलं आणि अठरा पोरं उठून नाचली. एकोणसत्तराव्या मिनिटाला सिटीची पाळी सुरू असताना कुटिन्योने दुसरा गोल केला. कुटिन्यो एके काळी लिव्हरपूलचा, व्हिलाचा प्रशिक्षक स्टीव्हन जेरार्ड तर जन्माचा लिव्हरपूलचा. पोरांना हे सगळं पाठ होतं. सिटी ०-२. नऊ पोरांपैकी दोघं चप्पल घालून निघाले. सत्तराव्याला मी नियमाप्रमाणे लिव्हरपूल लावलं.

शहात्तराव्या मिनिटाला एकाचा फोन वाजला. स्कोअरचा संदेश चित्राच्या आधी येतो. सिटीचा गुंडोगान, १-२. "भाऊ, तिकडे लाव!" "काऊन बे? ऐंशीपर्यंत आमची पाळी हाये!" दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. लिव्हरपूल अजून १-१ वर अडकलेलं, एक गोल त्यांनाही हवाच होता. मी रिमोट धरून उभा. मिनिटभराने लावलं. चार सेकंद काळं, मग चित्र आलं ते रिप्लेचं, आणि मला वाटलं हा पहिलाच गोल. तो दुसरा होता, रॉड्रीचा, अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाचा. २-२. चप्पलवाले दारातून परत आले.

इथे मी जे केलं ते अजून डोक्यातून जात नाही. ऐंशी झाले. पाळीप्रमाणे सिटी. पण लिव्हरपूलवाल्यांचं म्हणणं, मधली दोन मिनिटं त्यांची गेली, ती भरून द्या. न्याय म्हणून मी परत लिव्हरपूल लावलं. एक्क्याऐंशीव्या मिनिटाला पुन्हा गुंडोगान. ३-२. पाच-सहा मिनिटांत तीन गोल, त्यावर अख्ख्या हंगामाचा निकाल, आणि आमच्या हॉलने तिन्ही गोल रिप्लेत पाहिले. चौऱ्याऐंशीव्याला सलाहचा आणि एकोणनव्वदाव्याला रॉबर्टसनचा गोल मात्र थेट दिसला. तोवर त्यांचा उपयोग उरला नव्हता. सिटी ९३, लिव्हरपूल ९२.

कोणी मला काही बोललं नाही. काका तेवढे म्हणाले, "त्यापेक्षा क्रिकेट लावलं असतं तं बरं झालं असतं."

घरी जाऊन मी कागदावर मिनिटं मांडली. एकोणसत्तरपासून ब्याऐंशीपर्यंत सिटीवर बसायचं आणि मग एकदाच लिव्हरपूल लावायचं, तर त्यापुढचा एकही गोल हुकत नव्हता. एकच बदल! मी केले तीन, ते सगळ्यांना न्याय द्यायच्या नादात. कंपनीचा माणूस आठवडाभर आधी जास्त चाहत्यांचा सामना निवडतो आणि तिथून हलत नाही, तेव्हा आपण त्याला शिव्या घालतो. पण तो हलत नाही म्हणून त्याच्या प्रेक्षकाला निदान एक सामना तरी पूर्ण दिसतो.

पुढच्या वर्षी मी तयारीत होतो. हॉलपर्यंत आरजी-११ ओढली, टॅपजवळ छोटा ॲम्प्लिफायर बसवला, दोन बॉक्स, दोघांवर ५५ डीबी. पण सिटीचं विजेतेपद शेवटच्या दिवसाआधीच पक्कं झालं. २८ मे २०२३ ला त्याच रात्री आयपीएलची फायनल होती, त्यामुळे मोठा टीव्ही काकांनी आधीच धरला. फायनल त्या दिवशी झालीच नाही. एका टीव्हीवर अहमदाबादचा पाऊस आणि पिचवरची कव्हरं, दुसऱ्यावर एव्हर्टन खालच्या लीगमध्ये जाण्यापासून वाचतंय. हळूहळू काकांनीही खुर्ची तिकडे फिरवली आणि विचारलं, "निळेवाले कोण हायेत?"