आमची वाटचाल : देवबागचं आउटबोर्ड वर्कशॉप

आमचं वर्कशॉप देवबागला. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, त्यामुळे गिऱ्हाईक शोधत कधी फिरावं लागलं नाही, होडीच दारात येते. सुरुवात केली घराच्या पडवीत. गोव्यात एका यार्डात आउटबोर्डची, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाची कामं शिकून आलो होतो, आम्ही त्याला मशीनच म्हणतो, जवळ काय तर प्लग पाना, टी पाना, फिलर गेज आणि एक शॉट ड्रायव्हर, वरून हातोडी मारली की स्क्रू फिरवणारा. खाऱ्या पाण्याने जाम झालेला स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने सोडवायला गेलात की त्याचं डोकं गेलंच, मग बसा ड्रिल मारत. तो शॉट ड्रायव्हर अजून तोच आहे, मूठ हातोडीने पार चेपलीय पण मी तो कोणाला हात लावू देत नाही.

पहिलं पक्कं गिऱ्हाईक म्हणजे आबा, मालवणकडचे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. त्यांचं केरोसीनवरचं मशीन रोज पहाटे रडायचं, खलाशी दोरी ओढून ओढून घामाघूम. प्लग बदलून झाले, कॉईल बदलून झाली. मी एवढंच विचारलं, आबा, काल बंद कशावर केलं? केरोसीनवर. मग सकाळी कसं उठेल ते? थंड इंजिनात केरोसीनची वाफ नीट होत नाही, म्हणून तर पेट्रोलवर चालू करतात आणि गरम झालं की केरोसीनवर टाकतात. बंद करायच्या आधी परत थोडा वेळ पेट्रोलवर चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये उरतं ते पेट्रोल. दुसऱ्या दिवशी मशीन लगेच उठलं आणि आबा कायमचे आमचे झाले.

मधली वर्षं बरी गेली. तारकर्लीला वॉटर स्पोर्ट्स वाढले, पडवीतून शेडमध्ये आलो, धाकटा भाऊ हाताखाली आला.

मग रस्त्याला काचेचं दुकान आलं. नाव घेत नाही. एसी, छापील टी-शर्ट घातलेली पोरं, सगळं चकाचक. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या एकाची बोट चालू होऊन दहा मिनिटात बंद पडायची, थोडं थांबलं की परत चालू. त्या दुकानाने सीडीआय, म्हणजे स्पार्कचा इलेक्ट्रॉनिक डबा बदलला, कॉईल बदलली, बिल हातात दिलं, बोट तशीच. माझ्याकडे आल्यावर मी मशीनला हातच लावला नाही, आधी टाकीचं झाकण सैल केलं, फुस्स करून हवा आत गेली. झाकणावरचा हवेचा स्क्रू टेम्पोतून आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून कोणीतरी आवळला होता आणि तो तसाच राहिला. हवा आत जात नाही म्हणजे पेट्रोल बाहेर येत नाही, पाईपमधला हाताने दाबायचा रबरी बल्ब चपटा होतो, मशीन उपाशी मरतं. पैसे घेतले नाहीत मी. तर हे दुकानवाले बंदरावर सांगत फिरले की पडवीतला मेकॅनिक, जुगाड करून देतो, गॅरंटी कोण देणार! ते वाक्य मी विसरलेलो नाही.

आणि मग तौक्ते चक्रीवादळ. १६ मे २०२१. मासेमारीबंदी १ जूनपासून म्हणून बऱ्याच जणांनी मशिनं आधीच आणून ठेवलेली, लॉकडाऊनमध्ये पर्यटनाची पण पडून होती. शेडचे पत्रे गेले, खारं पाणी आत शिरलं, मशिनं बुडाली. लोकांना वाटतं बुडलेलं मशीन उन्हात वाळवावं. अजिबात नाही! खाऱ्या पाण्यात असतं तोवर ठीक, बाहेर काढून हवा लागली की आतून गंजायला सुरुवात. लगेच उघडायला जमत नसेल तर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. लाईट नव्हती, पंप बंद, विहिरीचं पाणी कळशीने काढून बॅरल भरले आणि मशिनं त्यात उभी केली. एकेक काढायचं, प्लग काढून भोक खाली करायचं, दोरी हळू ओढायची, पाणी बाहेर. दोरी अडकली तर जोर नाही करायचा, आत वाळू असते किंवा चालू असताना बुडालं असेल तर पिस्टनचा रॉड वाकलेला असतो. मग कार्बोरेटर धुणे, सिलिंडरमध्ये ऑईल, आणि शक्य तितक्या लवकर चालू करून गरम होऊ देणे. फोर स्ट्रोकचं ऑईल दुधाच्या चहासारखं निघायचं, ते स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहायचं, ऑईलचा खर्च माझाच.

तेवढ्यात काचवाल्यांनी उठवलं की तिथली मशिनं भंगार झाली, नवीन घ्या, हप्ते करून देतो. अर्धे लोक मशीन उचलून गेले, काहींनी आधीचे पैसेही बुडवले. शेडवरचं कर्ज वेगळं. भाऊ म्हणाला बंद करूया. आबांची दोन मशिनं माझ्याकडे होती, मी त्यांना म्हटलं घेऊन जा हवं तर. ते म्हणाले, "माझी मशिना हयसरच रवतली, तू बघ काय ता." म्हणजे इथेच राहतील, काय ते तू बघ. नारळी पौर्णिमेनंतर त्यांची होडी दोन्ही मशिनांवर गेली, आणि बंदरावर बघितल्यावर बाकीचे परत यायला लागले. सगळे नाही.

आता कोणी विचारलं नाही तरी सांगतो. चालू होत नाही म्हणून फोन करायच्या आधी मशीन बंद करणाऱ्या स्विचची लाल दोरीची क्लिप लावलीय का, गिअर न्यूट्रलला आहे का ते बघा, हसू नका, निम्मे फोन त्याचेच असतात. बल्ब बाण वर करून दाबा, कडक होत नसेल तर कुठूनतरी हवा घेतोय, पाईपच्या कनेक्टरची ओ-रिंग, ती रबरी रिंग, बघा. मग प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय, पुसा, चोक बंद करा, थ्रॉटल उघडून ओढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही, स्पार्कच्या मागे लागू नका. कार्बोरेटरच्या जेटला, ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल येतं त्याला, टाचणी घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. आणि हल्लीच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला पावसाळाभर टाकीत ठेवू नका, ते पाणी ओढतं, पाणी आणि इथेनॉल तळाला बसतं, टाकीची नळी पण तळातूनच ओढते, आणि टू स्ट्रोकचं ऑईल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये. काचेच्या बाटलीत काढून बघा, दोन थर दिसतील.

३१ जुलैला बंदी संपायच्या आठवड्यात सगळे एकदम येतात, तसं करू नका, जूनमध्येच आणून द्या. आणि येताना टाकी, पाईप, बल्ब सगळं आणा. नुसतं मशीन आमच्या टाकीवर बॅरलमध्ये चालणारच, मग बंदरावर बंद पडलं की शिव्या मलाच.