मुक्काम नसलेला ऋषी : गुहागर ते परशुराम, पायी

गुहागरच्या समुद्रापासून चिपळूणजवळच्या परशुराम डोंगरापर्यंत रस्त्याने पन्नास-पंचावन्न किलोमीटर अंतर आहे. अक्षय तृतीयेच्या सुमारास, डोंगरावरच्या देवळातल्या परशुराम जयंतीसाठी, आम्ही ही वाट चालतो. पंढरीच्या वारीसारखी दिंडी, पालखी, ठरलेले तळ असं काही इथे नसतं. पाणी, सावली, रात्रीची पाठ टेकायची जागा, सगळं आपलं आपण बघायचं. म्हणून आधी व्यवहाराचं लिहितो. कथा वाटेत येतेच.

तिथीपासून सुरुवात करायला हवी, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच चुकतात. परशुरामाचा जन्म वैशाख शुद्ध तृतीयेला, रात्रीच्या पहिल्या प्रहरी मानतात. म्हणून जयंतीला प्रदोषकाळी असलेली तृतीया धरतात. अक्षय तृतीया मात्र दिवसाच्या तिथीवरून ठरते. एखाद्या वर्षी जयंती आदल्या संध्याकाळीच होते आणि अक्षय तृतीया धरून चालणारे एक दिवस उशिरा डोंगरावर पोहोचतात. पंचांगात दोन्ही स्वतंत्र बघा, देवस्थानात विचारून घ्या आणि मग मागे मोजत निघायचा दिवस ठरवा. दोन मुक्काम धरावेत : पहिला मार्गताम्हान्याच्या आसपास, साधारण निम्म्या वाटेवर, आणि दुसरा चिपळुणात. तिसऱ्या दिवशी अंतर थोडं असतं, पण चढ असतो.

हे दिवस एप्रिलअखेरचे किंवा मे महिन्यातले. कोकणातलं ऊन देशावरच्यापेक्षा आकड्यात कमी दिसतं आणि माणसाला जास्त पाडतं, कारण हवेत दमटपणा असल्याने घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. पहाटे चारला निघायचं, नऊ-साडेनऊला थांबायचं, साडेचारपर्यंत सावली सोडायची नाही, पुन्हा पाच ते आठ चालायचं. चालताना तासाला अर्धा लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, तहान लागो न लागो. नुसतं पाणी पीत राहिलं तर दुपारपर्यंत पोटऱ्यात गोळे येतात. आमचा उपाय आगळाचा, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचा : लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे आगळ आणि सहा लहान चमचे साखर. आगळात मीठ असतंच, म्हणून आधी चव घ्यावी आणि अगदी लागलं तरच चिमूटभर वर घालावं. मधल्या मुक्कामाला सकाळी उकड्या तांदळाची पेज मिळाली तर दुसरं काही शोधू नये.

पायांचं म्हणाल तर नवे बूट घालून निघणं ही हमखास फोडांची सोय. निघण्याआधी त्याच जोडीने पन्नासेक किलोमीटर चालून झालेलं असावं. फोड घासण्याने येतात, पण ओल्या कातडीवर फार लवकर येतात. म्हणून दर दोन तासांनी मोजे बदलायचे आणि काढलेले सॅकला बाहेरून वाळत टाकायचे. मांड्या घासतात तिथे खोबरेल निघायच्या आधीच लावायचं, चुरचुरायला लागल्यावर नाही. आलेला फोड सोलायचा नाही. फारच ताणला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढायचं आणि वरची कातडी तशीच ठेवून पट्टी लावायची. अनवाणी चालायचा नवस कुणी बोललेला असतो. त्यांना माझं कळकळीचं सांगणं : नऊनंतर डांबर तळवा भाजतं, आणि भाजलेला तळवा घेऊन घाट चढवत नाही. नवस शेवटच्या पायऱ्यांना फेडावा.

निघायचं व्याडेश्वरापासून. गुहागरचं हे शिवपंचायतन : मधे महादेव, चार कोपऱ्यांना गणपती, सूर्य, अंबिका आणि लक्ष्मीनारायण. कोकणातल्या कितीतरी घरांचं हे कुलदैवत. देवळामागे सुरूची बनं आणि मग समुद्र. पहाटेच्या अंधारात पाण्याला पाय लावून मागे वळायचं आणि चालू लागायचं. इथे आम्ही कथेचा शेवट सांगतो, सुरुवात नाही. परशुरामाची कथा सांगायची ती समुद्राकडून डोंगराकडे, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे, असं आमचं ठरलेलं आहे, आणि या वाटेला तेच शोभतं.

शेवट सगळ्यांना ठाऊक असतो : सह्याद्रीवरून बाण सोडला, समुद्र मागे हटला, वर आली ती ही भूमी. पण ही कथा एकच नाही. महाभारताच्या शांतिपर्वात बाण नाही. तिथे सागर स्वतःहून परशुरामाला शूर्पारक देश देतो, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा परिसर. कालिदासाच्या रघुवंशात, चौथ्या सर्गात, परशुरामाच्या अस्त्राने हटवलेला समुद्र रघूच्या सैन्यामुळे जणू पुन्हा सह्याद्रीला येऊन भिडल्यासारखा दिसतो. म्हणजे समुद्र हटवल्याची आठवण तेव्हाही जुनी होती. केरळात बाणाच्या जागी परशू येतो, गोकर्णावरून कन्याकुमारीच्या दिशेने फेकलेला. गोव्यात बाण पडला ती जागा बाणावली आणि देऊळ पैंगिणीला. चौदा प्रेतांना जिवंत केल्याची कथा सह्याद्रिखंडात येते. ती एका समाजाच्या उत्पत्तीची कथा आहे. बाकीच्या कथांवर ती पसरवू नये. प्रत्येक कथा जिथली आहे तिथली म्हणून सांगितली तर सगळ्या टिकतात, कालवल्या तर एकही नीट उरत नाही.

गुहागर सोडलं की शृंगारतळीपर्यंत अंधार साथ देतो. पुढे चिखली, मग मार्गताम्हाने. रस्ता सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीवरून, जातो तिथे उघडा कातळ आणि करवंदीच्या जाळ्या, उतरतो तिथे वाड्या, आंब्या-काजूच्या बागा आणि मे महिन्यात कोरडे पडलेले पऱ्हे, म्हणजे ओहोळ. करवंदं चालताना चार खावीत, ओंजळभर नाही. रिकाम्या पोटी घसा धरतो आणि पोटही बिघडतं. सड्यावर सकाळी आठनंतर सावली अशी मिळत नाही, म्हणून तो टप्पा त्याआधी मागे पडला पाहिजे. चालायचं उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं. अंधारात पाठीवर चकाकणारी पट्टी हवीच. वळणावर एसटी पूर्ण रस्ता घेते. मुक्काम देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या ओट्यावर होतो, पण निदान आठवडाभर आधी गावात जाऊन विचारलेलं असावं, आणि विहिरीचं पाणी मे महिन्यात गावालाच पुरतं का हेही तेव्हाच विचारावं. पंधरा-वीस माणसांच्या आंघोळीचं पाणी गृहीत धरून जाणं हा गावावर अन्याय आहे.

याच मुक्कामात आम्ही दानाची कथा सांगतो, कारण ती मुक्कामाचीच कथा आहे. जिंकलेली सगळी पृथ्वी परशुरामाने यज्ञात कश्यपाला दिली. वनपर्वात दहा वाव लांब आणि नऊ वाव उंच सोन्याच्या वेदीचं दान आहे (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी). ब्राह्मणांनी ती तुकडे करून वाटून घेतली. शांतिपर्वात दान स्वीकारून कश्यप म्हणतो, आता माझ्या भूमीवर राहू नकोस, दक्षिण समुद्राच्या काठी जा. दिलेल्या जागेवर देणाऱ्याचा हक्क उरत नाही, हे कश्यपाने अक्षरशः धरलं आणि परशुरामाने ते मानलं. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात याचा पुढचा धागा आहे. मिथिलेहून परतणाऱ्या दाशरथी रामाला परशुराम वैष्णव धनुष्य देतो, राम ते चढवतो आणि विचारतो, बाण कशावर सोडू, तुझ्या गतीवर की तपाने मिळवलेल्या पुण्यलोकांवर? परशुराम ते पुण्यलोक देऊन टाकतो आणि गती राखून मागतो. कारण कश्यपाला शब्द दिल्यापासून तो पृथ्वीवर रात्री राहत नाही. अंधार पडण्याआधी त्याला महेंद्र पर्वतावर परतायचं असतं.

माझ्या मते या ऋषीची खरी ओळख इथे आहे. परशू चित्रात दिसतो म्हणून लक्षात राहतो. पण सगळं जिंकून, सगळं देऊन, रात्री टेकायला स्वतःची जागा नसलेला माणूस, आणि त्याला समुद्राने काढून दिलेली ही चिंचोळी पट्टी, हे पायी चालणाऱ्याला लगेच समजतं. संध्याकाळी सात वाजता ओटा मिळेल की नाही याची काळजी करणाऱ्याला तर समजावूनही सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी रामपूर, मिरजोळी आणि मग चिपळूण. हा टप्पा भरभर संपतो. शहरात शिरताना वाशिष्ठी भेटते. मे महिन्यातही तिला पाणी असतं, कारण कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं पाणी तिच्यात येतं. याच नदीने २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडवलं. संध्याकाळी पात्रात उतरायचा मोह टाळा. सोडलेल्या पाण्याने पातळी वाढते आणि काठावरून ते लगेच ध्यानात येत नाही.

तिसऱ्या पहाटे बहादूरशेख नाक्याजवळचा पूल ओलांडून वालोपे, पेढे आणि पुढे परशुराम घाट. इथे मुंबई-गोवा महामार्ग आहे. एका रांगेने, हात न सोडता, गप्पा बंद ठेवून चालायचं. २०२२ साली रुंदीकरणासाठी डोंगर कापताना हा घाट महिनाभर दुपारचे काही तास वाहतुकीला बंद ठेवावा लागला होता. कापलेल्या दरडीची माती अजून बसलेली नाही असं धरूनच वागावं. वळीव पडून गेला असेल तर दरडीच्या पायथ्याशी सावलीला टेकू नये, आधी बारीक खडे येतात आणि मग मोठे. सवतसड्याचा धबधबा बघायचा म्हणून कुणी वाट वाकडी करतं, पण तो पावसाळ्यातला. पेढ्याहून वर चढणाऱ्या जुन्या पायवाटांनी जायचं असेल तर गावातला माणूस बरोबर घ्या.

घाट चढताना दम लागतो, म्हणून कार्तवीर्याची कथा आम्ही चढ लागण्याआधी पेढ्यात बसून सांगतो. कार्तवीर्याने, म्हणजेच सहस्रार्जुनाने, परशुरामाचे वडील जमदग्नी यांच्या आश्रमातून होमधेनूचं वासरू ओढून नेलं. परशुरामाने त्याचे हजार हात छाटले. मग त्याच्या मुलांनी आश्रमात एकट्या, लढायला तयार नसलेल्या जमदग्नीला मारलं. क्षत्रियांच्या एकवीस वेळच्या संहाराचं कारण हे. सांगणारे इथे थांबतात, आणि ते मला खटकतं. महाभारत थांबत नाही. समंतपंचकातल्या, म्हणजे कुरुक्षेत्रातल्या, पाच रक्ताच्या डोहांशी पितरांना तर्पण करणाऱ्या परशुरामासमोर त्याचा आजा ऋचीक स्वतः येतो आणि पुरे म्हणतो. परशुराम थांबतो. दान त्यानंतरचं आहे. थांबवणारा ऋचीक गाळला तर ही नुसती सूडाची गोष्ट होते. आणि ही कथा वनपर्वात सांगितली कुणाला? तीर्थयात्रेला पायी निघालेल्या पांडवांना, परशुरामाचा शिष्य अकृतव्रण याने, महेंद्र पर्वतावर. तिथून पांडव पुढे शूर्पारकाला गेले. महाभारतातला तो महेंद्र पूर्व किनाऱ्यावर, आजच्या ओडिशात. आपण चढतो त्या डोंगरालाही इथे महेंद्रगिरीच म्हणतात.

देऊळ रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे, पायऱ्या उतरून जायचं. चढून आलेल्या गुडघ्यांना हा उतारच जड जातो. तिरकं, हळू उतरावं. गाभाऱ्यात तीन मूर्ती आहेत : काळ, काम आणि मधे भार्गवराम. देवस्थानाला आजचं रूप पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांच्यामुळे आलं. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने पेढे आणि आंबडस ही गावं त्यांना दिली होती, आणि १७२७ साली गोवळकोट-अंजनवेलच्या सिद्दी सातानेच देऊळ लुटलं. स्वामी मग साताऱ्याजवळ धावडशीला गेले. १७३६ साली चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात पडला. देणारा सिद्दी आणि लुटणारा सिद्दी, दोघांचीही नावं सांगायला हवीत.

देवळामागे रेणुकेचं देऊळ आणि बाणगंगा. कथेची सुरुवात इथे सांगायची. चित्ररथ राजाला जलक्रीडा करताना पाहून रेणुकेचं मन क्षणभर ढळलं, जमदग्नीने मुलांना तिचा वध करायला सांगितलं, चौघांनी नाकारलं, पाचव्याने केला. पुढे त्याने वर मागितले त्यांत आई जिवंत व्हावी, तिला या वधाची आठवण राहू नये आणि भाऊ पूर्ववत व्हावेत, हे होतं. मुलं हमखास विचारतात, मारलंच का? उत्तर गुळगुळीत करून देऊ नये. व्यासांनीही केलेलं नाही. मागितलेले वर क्रमाने सांगावेत आणि मुलांना त्यावर बोलू द्यावं. माहूरची कथा याला जोडूनच येते : जमदग्नी गेल्यावर कावड खांद्यावर घेऊन परशुराम माहूरगडावर पोहोचला, अंत्यविधी सांगायला दत्तात्रेय होते, आणि रेणुका सती गेली. ज्या दत्तात्रेयांनी कार्तवीर्याला हजार हात दिले, तेच इथे पुरोहित.

जन्मसोहळा तिन्हीसांजेला असतो. दुपारी तीनपर्यंत पोहोचलात तर दर्शन, जेवण आणि तासभर झोप होते. उशिरा आलात तर पायऱ्यांवरच उभं राहावं लागतं. परतीची गाडी आधी ठरवून ठेवा. अंधारात घाट पायी उतरायचा नाही, थकलेले पाय आणि उतारावरचे ट्रक एकत्र नकोत. चिपळूण रेल्वे स्थानक घाटाखालीच वालोप्याला आहे. रात्रीची गाडी पकडायची असेल तर कीर्तन संपायची वाट न बघता निघावं लागतं, आणि ते जिवावर येतं. जमलं तर परत जाणं दुसऱ्या सकाळवर ठेवा.