आमची वाटचाल : जांभा, पाऊस आणि एक नकलाकार

आम्ही दगडाची शिल्पं कोरतो. नवं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न हाच असतोय, तयार माल पावसात का टाकलाय? टाकला नाही ओ, ठेवलाय. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचा जांभा दगड खाणीतनं निघताना मऊ असतोय, हवा लागली की त्यातला लोहाचा अंश घट्ट होतोय आणि मग दगड कडक. म्हणून कोरून झालं की एक अख्खा पावसाळा उघड्यावर. फुटायचं ते आमच्या अंगणात फुटूदे.

पाण्यानं झिजल्यासारखे आकार कोरायचं हे खूळ गोकाकचं. उन्हाळ्यात धबधब्याच्या वरच्या अंगाला घटप्रभा आटली की रांजणखळगे दिसतात, पाण्यानं गोटे फिरवून फिरवून खडकाला पाडलेले. मला तेच आकार करायचे होते, देव नव्हे. मामा देवळाची कामं करणारे, ते हसले, पण भागीदार झाले. टाकी, म्हणजे दगड कोरायची छिन्नी, भट्टीतनं काढून पाणी देताना, म्हणजे पाण्यात बुडवून कडक करताना, पोलादावर गव्हाळ पिवळा रंग चढायची वाट बघायचे, जरा पुढं गेला की शिव्या. आता पोरं कडक कार्बाईडच्या टोकाची टाकी विकत आणतात, आणूदेत, पण पाणी द्यायला शिका बाबांनो, काळ्या दगडावर टोक गेलं की दुकान गाठायला निम्मा दिवस जातोय. आणि जांभ्यात बारीक नक्षी करायच्या भानगडीत पडू नका, धरत नाही.

पुढची बरीच वर्षं बरी गेली. मग एकानं, नाव घेत नाही, गिऱ्हाईक म्हणून आमचं एक ‘ढग’ नावाचं शिल्प नेलं, त्यावर साचा काढला आणि फायबरचे ढग आठवड्यात घरपोच द्यायला लागला. चोर्ल्याच्या रस्त्याला रिसॉर्टवाले सगळे तिकडं. आमचे पैसे अंगणात भिजत पडलेले, बँकेचा हप्ता चुकेना, त्यात ऑगस्ट 2019 चा पूर, शेडमध्ये पाणी, ग्राइंडर, कॉम्प्रेसर, मामांची भट्टी सगळं गेलं. दगड तेवढे चिखलात आडवे झालेले, धुतले आणि उभे केले. बंद करायचं ठरलंच होतं.

निपाणीचे आमचे जुने तंबाखूवाले शेठ आले, न कोरलेल्या दगडाचे पूर्ण पैसे ठेवले, रेटसुद्धा विचारला नाही. हा माणूस दरवर्षी मृगाचा पाऊस सुरू झाला की येतोय, छत्री धरून उभा राहतोय आणि पाणी कुठनं उतरतंय ते बघून दगड निवडतोय. त्यांच्यामुळं त्या वर्षी कामगारांची दिवाळी झाली.

घरी शिल्प बसवणार असाल तर चौथऱ्याला उतार द्या, पाणी तुंबू देऊ नका. वरनं चकचकीत कोटिंग मारू नका, ओल आत अडकतीय. शेवाळ आलं तर येऊदे.

ते फायबरचे ढग आता उन्हानं पांढरे पडलेत, पापुद्रे निघालेत. रंगवून द्या म्हणून दोघंतिघं येऊन गेले. चौथऱ्यावर त्या साचेवाल्याचं नाव तसंच आहे, म्हटलं त्यालाच बोलवा.