फेसपॅकच्या डबीत नेमकी कुठली माती असते? लेबलं वाचून वाचून आलेला माझा अनुभव

माझं कपाळ आणि नाक तेलकट, गाल कोरडे, थंडीत तर गालावर नखानं रेघ मारली की पांढरी उमटते. त्यामुळे 'ऑइली स्किनसाठी' लिहिलेला क्ले मास्क आणला की गाल ताणतात आणि 'ड्राय स्किन'वाला आणला की नाक तासाभरात परत चमकायला लागतं. बरं बाजारात प्रकार तरी किती, मुलतानी, काओलिन, बेंटोनाईट, फ्रेंच ग्रीन, पिंक, मोरोक्कन, चारकोल, व्होल्कॅनिक, आणि प्रत्येकावर 'डिटॉक्स' आणि 'पोअर्स टाइट' हे आहेच. शेवटी म्हटलं पुढची बाजू वाचणं बंद, डबी उलटी करायची आणि मागचं मुंगीएवढ्या अक्षरातलं वाचायचं, मोबाईलनं फोटो काढून झूम करून. मी, आमची वहिनी आणि मामेबहीण, तिघींच्या घरातल्या मिळून जेवढ्या ट्यूबा आणि डब्या निघाल्या त्या सगळ्यांचे फोटो काढून बसले.

लेबल वाचायची एक रीत आहे ती आधी सांगते कारण तिच्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. जो घटक वजनानं जास्त तो आधी, कमी तो नंतर. पण एक टक्का किंवा त्याच्या खालचे घटक कंपनी कुठल्याही क्रमानं लिहू शकते, आणि तिथंच सगळी गंमत असते. आता ही एक टक्क्याची रेघ लेबलवर कुणी मारून देत नाही, पण फिनॉक्सिइथेनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालायची परवानगीच नाही, म्हणजे त्याचं नाव जिथं आलं त्याच्यानंतरचं सगळं चिमूटभर असं धरून चालायचं. मी प्रत्येक फोटोवर त्या नावाखाली लाल रेघ मारली आणि मग एकेक चेहरे उघडे पडले. एका ट्यूबवर पुढं मोठ्ठ्या अक्षरात मुलतानी मिट्टी आणि चंदन, आणि मागं बघितलं तर दोन्ही त्या रेघेच्या खाली, परफ्यूमच्याही नंतर, आणि सगळं काम करत होती वरच्या बाजूला गप बसलेली काओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, दुसरं काय. शोधणाऱ्यानं मुलतानी शोधताना इंग्रजीत फुलर्स अर्थ किंवा लॅटिनमध्ये सोलम फुलोनम हेही बघावं, तीच माती आहे.

मग मला मातीच नीट बघायची होती, क्रीममध्ये कालवलेली नाही, सुटी. मुलतानी आमच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळाली, दुकानदार म्हणाले "ताई, खडा नेऊ नका, कुटत बसाल, वस्त्रगाळ न्या", ती पिवळसर बदामी रंगाची पावडर. काओलिन आणि बेंटोनाईट कॉस्मेटिक ग्रेडचं ऑनलाइन मागवलं. तीन काचेच्या ग्लासात सारखं पाणी घेतलं आणि प्रत्येकात एकेक चमचा माती वरून भुरभुरवली, ढवळायचं नाही. काओलिन सरळ खाली जाऊन तळाला बसली, वर पाणी दुधाळ. मुलतानी बुडबुडे सोडत विरघळल्यासारखी झाली आणि मऊ थर झाला. बेंटोनाईट मात्र वरच तरंगत राहिलं, हळूहळू त्याच्या कडा काचेसारख्या पारदर्शक व्हायला लागल्या, आणि सकाळी बघितलं तर ग्लासात खळीसारखा गोळा, चमचा उभा राहील असा. एवढंसं होतं की संध्याकाळी!

हे असं का होतं ते वाचल्यावर मला सगळ्या मास्कचं गणितच सुटलं. माती म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांचे थर. काओलिनचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, मध्ये पाणी शिरतच नाही, म्हणून ती फुगत नाही आणि तेलही बेताचंच शोषते. बेंटोनाईटमध्ये मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाईट, त्याच्या पापुद्र्यांमध्ये सोडियम किंवा कॅल्शियम अडकलेलं असतं आणि तिथं पाणी घुसतं, थर फाकतात, माती फुगते. सोडियमवालं जास्त फुगतं, कॅल्शियमवालं कमी. एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाईटच्या सगळ्या पापुद्र्यांचा पृष्ठभाग मोजला तर ७०० चौरस मीटरच्या पुढं जातो आणि काओलिनचा असतो दहा-वीस, म्हणजे तेल धरून ठेवायला जागा कुणाकडं जास्त ते बघा. मुलतानीतही बहुतेक हीच फुगणाऱ्या जातीची खनिजं असतात, पण खाणीप्रमाणं कमीजास्त, आपल्याकडं ती जास्त करून राजस्थानातून येते, बारमेर बिकानेरकडून. नाव मुलतान शहराचं, जे आता पाकिस्तानात आहे.

आणि हे मॉन्टमोरिलोनाईट म्हणजे कुठलं परदेशी प्रकरण नाही हं. आपल्या काळ्या रानात याच जातीची माती भरलेली आहे. शिरोळकडं आमचं आजोळ, तिथल्या रानाला एप्रिल-मेमध्ये पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात तीच जमीन फुगून भेगा मिटवते, चप्पल ओढून घेते. चेहऱ्यावर मास्क वाळला की जो ताण बसतो आणि तोंडाच्या कडेला चिरा पडतात तो हाच प्रकार, पाणी गेलं की थर आकसतात आणि सोबत कातडीला ओढतात. त्याला लोक 'टाइटनिंग' म्हणतात! धुतल्यावर अर्ध्या तासात जातं ते. पोअर्सना उघडायला मिटायला स्नायूच नसतात, आतलं तेल निघालं की ती लहान दिसतात एवढंच. (म्हणून रानातली माती आणून तोंडाला लावू नका कुणी, त्यात शेणापासून धनुर्वाताच्या जंतूंपर्यंत सगळं असतं.)

आमचा दादा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओततात त्या कारखान्यात आहे. टेबलावर पाकीट बघून म्हणाला, "बेंटोनाईट? अगं आमच्याकडं पोत्यानं येतंय की, कच्छवरनं. मोल्डिंगच्या वाळूत घालतोय आम्ही, वाळूला वाळू धरून ठेवायला. आणि तू हे तोंडाला लावतीस व्हय?" आई एवढी हसली की बास. पण त्याचं ऐकून एक नीट लक्षात आलं, ओली झाली की चिकट पकड आणि वाळली की कडक, हा बेंटोनाईटचा गुणच आहे, साच्यात चांगला, गालावर नाही. दादाच म्हणाला की पोत्यातली वापरायचा विचारसुद्धा करू नकोस आणि पावडर कालवताना नाकाला रुमाल लाव, ती धूळ छातीत जाणं वाईट. ग्रेडचा मुद्दा खरंच महत्त्वाचा आहे, अमेरिकेच्या एफडीएनं २०१६ मध्ये बेंटोनाईटच्या पावडरीत शिसं जास्त सापडलं म्हणून लोकांना सावध केलं होतं. जमिनीतून निघालेली वस्तू आहे, सोबत काय येईल सांगता येत नाही, म्हणून 'नॅचरल' लिहिलंय म्हणून सुट्या पिशवीतलं काहीही घेऊ नये. आणि पोटात घ्यायचे सल्ले देतात काहीजण, ते तर अजिबातच नको.

भाच्याच्या प्रयोगपेटीतल्या पीएचच्या पट्ट्या होत्या, त्याही बुडवून बघितल्या. काओलिन जवळजवळ न्यूट्रल, म्हणजे सातच्या आसपास, बेंटोनाईटची पट्टी हिरवीनिळी, नऊच्या आसपास, म्हणजे अल्कलाइन, साबणाच्या बाजूला. आपली त्वचा असते साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे थोडी आंबट बाजूला. साबणानं तोंड धुतल्यावर जसं खरखरीत होतं तसं नुसत्या बेंटोनाईटनं का होतं ते कळलं. तयार ट्यूबमध्ये सायट्रिक अ‍ॅसिड वगैरे घालून पीएच खाली आणलेला असतो, घरी कालवताना ते आपल्याला जमत नाही. मग लोक म्हणतात लिंबू पिळा. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, अंदाजपंचे पिळून आपण या टोकावरून त्या टोकाला, आणि लिंबू लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर डाग पडू शकतात ते वेगळंच. खायचा सोडा तर मुळातच अल्कलाइन, तो कशाला? मी पाणी नाहीतर गुलाबपाणी, गालासाठी चमचाभर ताजं दही, बस.

आता बाकीच्या रंगीत माती. फ्रेंच ग्रीन म्हणजे बहुतेक इलाईट (मातीतलंच आणखी एक खनिज) आणि मॉन्टमोरिलोनाईट, हिरवा रंग लोहामुळं. लाल रंग आयर्न ऑक्साईडचा, म्हणजे आपल्या गेरूचा भाऊ, आणि पिंक क्ले ही बऱ्याचदा पांढरी काओलिन आणि लाल माती मिसळून केलेली असते, त्यात गुलाबी असं काही खास औषध नाही. मोरोक्कोची रसूल लेबलवर 'मोरोक्कन लाव्हा क्ले' म्हणून येते, तिच्यात मॅग्नेशियम जास्त, लावायला मऊ लागते पण किंमत बघून मी हात जोडले. चारकोलच्या एका ट्यूबमध्ये कोळसा लाल रेघेच्या खाली आणि काळा रंग आला कुठून तर सीआय ७७४९९, म्हणजे काळा आयर्न ऑक्साईड! सीआय आणि पाच आकडे दिसले की तो रंग. ७७८९१ असेल तर टायटॅनियम डायऑक्साईड, पांढरं दिसायला. आणि डिटॉक्स... विषारी पदार्थ बाहेर काढायला लिव्हर आणि किडनी बसल्यात, दहा मिनिटं गालावर माती थापून ते होत नसतं. माती तेल, मळ, घाम, मेकअपचा उरलेला थर काढते आणि तेवढं पुरेसं आहे की.

खरा फरक मला मातीपेक्षा तिच्या सोबत्यांनी पाडला. वहिनीची ट्यूब आणि माझी जुनी ट्यूब, दोन्हीत काओलिन आणि बेंटोनाईट, दोन्हीत जवळजवळ त्याच क्रमानं. पण वहिनीच्या ट्यूबमध्ये पाण्यानंतर लगेच काओलिन आणि मग ग्लिसरीन होतं, माझ्या ट्यूबमध्ये त्या जागी अल्कोहोल डेनॅट, म्हणजे उडून जाणारं, कातडी कोरडी करणारं अल्कोहोल, पुढं मेन्थॉल आणि परफ्यूम. एका गालाला एक आणि दुसऱ्याला दुसरी लावून बसले. माझ्याकडची थंडगार झोंबत होती, वाटतं की वा काय साफ होतंय, पण मेन्थॉल नुसता गार वाटायचा भास देतं, त्याचा साफसफाईशी संबंध नाही. धुतल्यावर तो गाल लाल आणि दुसरा नॉर्मल. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं म्हणून तो मास्क कडक होतच नव्हता. हां, सीटेरिल अल्कोहोल नाव दिसलं तर घाबरू नका, ते मेणासारखं मऊ करणारं असतं, कोरडं करणारं नाही. सॅलिसिलिक अ‍ॅसिड तेलात विरघळतं म्हणून पोअरच्या आत शिरतं, ब्लॅकहेड्सवाल्यांना उपयोगी, पण अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. झिंक ऑक्साईड शांत करणारं, कॅलामाइन लोशनमध्ये तेच असतं, आणि ब्रिटिश पद्धतीच्या लोशनमध्ये तर बेंटोनाईटही असतं, म्हणजे आपण लहानपणी घामोळ्यांवर क्लेच लावत होतो. अक्रोडाच्या सालीची भरड असलेलं मी बाजूलाच ठेवते, मास्क काढताना घासायचा मोह होतो आणि चेहरा सोलतो.

आत्याचं म्हणणं, एवढं कशाला, दिवाळीचं उटणं लाव की. उटण्यात नागरमोथा, कपूरकचरी, वाळा, आंबेहळद, चंदन आणि मुलतानी असते, वास तर असा की विचारू नका. पण उटणं अभ्यंगाच्या तेलावर लावतात, ते तेल उचलायला त्यातली माती. आधी तेल, मग माती हा क्रम कोरड्या गालांसाठी एकदम बरोबर आहे, आत्याला तसं सांगितलं तर म्हणाली "मग मी काय सांगत होते!"

मामेबहीण नागपूरला असते, तिला हीच वहिनीवाली ट्यूब पाठवली तर तिचा फोन, कूलरसमोर पाच मिनिटांत पापड झाला. कोल्हापुरात पावसाळ्यात तोच मास्क वीस मिनिटं ओला राहतो. म्हणून पाकिटावरची 'पंधरा मिनिटं' मी मानतच नाही. कडा फिक्या पडायला लागल्या, पण बोट लावल्यावर मध्ये अजून गार आणि चिकट लागतंय, तेव्हा धुवायचं. पूर्ण वाळू द्यायचं नाही, वाळायला लागला तर वरून पाण्याचा फवारा.

आता मी नाक-कपाळ-हनुवटीला मुलतानी लावते आणि गालाला काओलिनमध्ये थेंबभर ग्लिसरीन, आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात क्वचित दोनदा, आणि धुतल्यावर ओल्या चेहऱ्यावरच मॉइश्चरायझर. पावडर कोरडी असेपर्यंत टिकते पण पाणी घातलं की त्यात जंतू वाढतात, त्यामुळं लागेल तेवढंच कालवायचं, उरलेलं फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. स्टीलच्या वाटीत कालवू नये म्हणतात, मी दोन्ही करून बघितलं, पाच मिनिटांत काही फरक पडत नाही.

आणि हो, धुताना आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि ते फडकं बादलीत खळबळून पाणी कुंडीत नाहीतर अंगणात ओता. बेंटोनाईट सरळ बेसिनमध्ये सोडलं तर पाइपच्या वाकात बसून तिथं फुगतं. आमच्या प्लंबरनं तो वाक उघडून दाखवला तेव्हा आत ग्लासातल्यासारखाच गोळा होता, फक्त राखाडी.