न्यूट आहे की नाही, तळ्यालाच विचारा

इंग्लंडमध्ये जागा घेतली, प्लॅन काढला, सगळं झालं आणि मग कोणीतरी विचारतं की शेजारच्या तळ्यात ग्रेट क्रेस्टेड न्यूट आहे का, की झालं, बिल्डरच्या डोक्याला ताप. हा शेपटीवाला उभयचर, दिसायला पालीसारखा, नराला वसंतात पाठीवर दातेरी तुरा येतो. सह्याद्रीत न्यूट नाहीतच, आपल्या देशात त्याचे भाऊबंद बघायचे तर दार्जिलिंग नाहीतर ईशान्येकडे जायचं. इंग्लंडमध्ये न्यूटला १९८१ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि २०२० मध्ये तर तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सननी घरं रखडण्याचं खापर न्यूट मोजण्यावरही फोडलं होतं!

आम्ही सर्व्हेवाले आधी रात्री टॉर्च घेऊन काठाकाठाने फिरायचो, बाटल्यांचे सापळे लावायचो, आणि हे एकदा नाही, नुसतं आहे-नाही ठरवायलाही चार खेपा. २०१४ पासून नॅचरल इंग्लंड ही सरकारी निसर्गसंस्था ईडीएनए चालवून घेते, म्हणजे प्राण्याची कातडी, विष्ठा वगैरेतून पाण्यात सुटलेला डीएनए शोधायचा, प्राणी दिसायची गरजच नाही.

काम सोपं वाटतं पण सोवळं कडक. ग्लोव्ह्ज घालून तळ्याभोवती २० ठिकाणी पळीने ३०-३० मिली पाणी घ्यायचं, सगळं एका पिशवीत हलवायचं, त्यातलं १५-१५ मिली इथेनॉलवाल्या सहा ट्यूबमध्ये. पाण्यात पाय टाकायचा नाही म्हणजे नाही, कारण बुटाला आधीच्या तळ्याचा डीएनए असू शकतो आणि तळाचा गाळ ढवळला तर त्यातला जुना वर येतो. लॅबमध्ये १२ वेळा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधायची चाचणी, त्यातला एक जरी पॉझिटिव्ह आला तरी न्यूट आहे असं धरतात.

मग क्लायंटचा ठरलेला प्रश्न, १२ पैकी ११ म्हणजे खूप असतील ना? नाही हो. त्या आकड्यावरून संख्या काढता येत नाही, पिल्लं होतायत का तेही कळत नाही. माझ्या मते ईडीएनए आहे-नाहीला उत्तम, पण पुढचं कळायला टॉर्च लागतोच, आणि मादी मागच्या पायांनी पानाची घडी घालून एकेक अंडं त्यात चिकटवते ते ट्यूबमध्ये कुठे दिसणार.

आणि एक, सँपल १५ एप्रिल ते ३० जूनमध्येच. जुलैत फोन करून ‘निगेटिव्ह आणून द्या’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एकच, ते निगेटिव्ह कोणी धरणार नाही, उगाच पैसे घालवू नका.