पिल्लं जगवायची तर आधी बरणी लावा

दहाएक दिवसांपूर्वी एका मैत्रिणीचा मेसेज आला, "फायटरने अंडी दिली गं, आता पिल्लांना काय घालू?" फायटर म्हणजे बेट्टा मासा. वाचून पोटात गोळाच आला. कारण हा प्रश्न अंडी दिसल्यावर विचारायचा नसतो, निदान आठ-दहा दिवस आधी विचारायचा असतो. मी पण पहिल्या वेळी हेच केलं होतं आणि ती सगळी पिल्लं चार-पाच दिवसांत गेली, म्हणून पिल्लांचं पहिलं खाणं ज्या बरणीत तयार करायचं तिच्याबद्दल आज जरा सविस्तर लिहितेय.

बहुतेकांची सुरुवात गप्पीपासून होते, माझी पण तशीच झाली. गप्पी, मॉली, प्लॅटी हे सगळे थेट पिल्लं देणारे मासे. पिल्लू जन्मतःच पोहायला लागतं, तोंड बऱ्यापैकी मोठं असतं, फ्लेक्स, म्हणजे माशांचं सुकं पापुद्र्यासारखं खाणं, चिमटीत चुरडून टाकले तरी खातं. मादी एकदा नराबरोबर राहिली की नंतर एकटी ठेवली तरी महिन्याच्या आसपास पुन्हा पुन्हा पिल्लं देत राहते, कारण नराचं बीज ती कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते. टँकमधे मॉसचा (पाण्यात वाढणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीचा) दाट गुच्छ टाकला की मोठ्यांच्या तोंडातून बरीच वाचतात, बाकी तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही. आणि इथेच सवय लागते. आपल्याला वाटतं ब्रीडिंग म्हणजे नर-मादी एकत्र ठेवले की झालं.

फायटरचं तसं नाही. नर आधी पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो, तोंडातून एकेक बुडबुडा सोडत. मादीला मी सुरुवातीला त्याच टँकमधे काचेच्या नळीत ठेवते म्हणजे दोघं एकमेकांना बघतात पण मारामारी होत नाही. तिच्या अंगावर उभे पट्टे दिसले, पोट भरलेलं दिसलं आणि घरटं तयार झालं की मगच सोडते. पाणी फार खोल नको, दहा-पंधरा सेंटीमीटर पुरे, तापमान २७-२८ अंश. मग नर तिला अंगाचा वेढा घालतो, दोघं क्षणभर स्तब्ध होतात, आणि पांढरी अंडी खसखशीच्या दाण्यांसारखी खाली गळायला लागतात. नर ती खाली जाऊन एकेक तोंडात घेतो आणि घरट्यात नेऊन चिकटवतो. सगळं आटोपलं की मादीला लगेच बाहेर काढायचं, नाहीतर तो तिला फाडून काढेल.

साधारण दीड दिवसात अंडी फुटतात. त्यानंतरचे दोन-तीन दिवस मी अक्षरशः टँकसमोर खुर्ची टाकून बसते. पिल्लं घरट्याला शेपट्या खाली करून लटकलेली असतात, पापणीच्या केसाएवढी. एखादं सुटतं, गिरक्या घेत तळाशी जातं, आणि बाप तीरासारखा खाली जाऊन त्याला तोंडात उचलतो. वर आणून फुंकर मारल्यासारखं परत बुडबुड्यात सोडतो. मग दुसरं सुटतं. दिवसभर हेच चालू. हा मासा या काळात बहुधा काही खात पण नाही, आणि मला आजपर्यंत ते बघताना कंटाळा आलेला नाही.

या दिवसांत पिल्लांच्या पोटाला बलकाची पिशवी असते म्हणून त्यांना खायला लागत नाही. ती संपते तेव्हा पिल्लं आडवी पोहायला लागतात, आणि तेव्हापासून घड्याळ सुरू होतं. बापाला काढायचं, आणि त्याच दिवशी पिल्लांना खाणं मिळालं पाहिजे, ते पण जिवंत, हलणारं, कारण हलत नसलेल्या गोष्टीकडे ती ढुंकूनही बघत नाहीत. पहिल्या वेळी मी उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून घातला, पिल्लांनी तो खाल्लाच नाही, तळाशी कुजला, पाण्यात विषारी अमोनिया वाढला आणि सगळं संपलं. सकाळी टॉर्च मारला तर एकही हालचाल नव्हती, पाणी नुसतं दुधट. ते पाणी ओतताना हात थरथरत होते माझे.

तर ती बरणी. काचेची बरणी घ्यायची, त्यात जुन्या टँकमधलं पाणी, थोडं मॉस पिळून निघालेला गाळ आणि एक-दोन वाळलेली बदामाची पानं किंवा लेट्यूसचं पान. क्लोरीनचं ताजं पाणी अजिबात नको. उजेडात पण थेट उन्हात नाही अशी ठेवायची. दोन-तीन दिवसांत पाणी गढूळ होतं, वास पण येतो, तेव्हा घाबरून फेकून देऊ नका. ते बॅक्टेरिया असतात. त्यांना खाणारे सूक्ष्मजीव वाढले की पाणी पुन्हा निवळतं, साधारण आठवडाभरात, आणि मागून टॉर्च मारला की धुळीचे कण स्वतःहून फिरताना दिसतात. हेच इन्फ्युसोरिया. ड्रॉपरने दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं पिल्लांच्या टँकमधे सोडायचं. एकाऐवजी दोन बरण्या लावा, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, म्हणजे एक संपली तर दुसरी तयार असते.

बरणीतलं खाणं तीन-चार दिवस दिल्यावर ब्राईन श्रिंप, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जीवांची ताजी पिल्लं. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅमच्या आसपास मीठ, एअर पंप जोरात, लाईट चालू, साधारण २४ तासांत त्यांची अंडी फुटतात. एअर बंद केला की टरफलं वर येतात आणि श्रिंपची पिल्लं उजेडाकडे जमतात, तिथून नळीने ओढून गोड्या पाण्यात धुवायची. खायला दिल्यावर पाच मिनिटांनी बघा, फायटरच्या प्रत्येक पिल्लाचं पोट केशरी दिसतं. माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपातला सर्वात सुखाचा क्षण तोच.

बाकी दोन गोष्टी घाईत सांगते. पाणी साफ ठेवणारा स्पंज फिल्टर आधी काही दिवस जुन्या टँकमधे चालवून मुरलेला असू द्या आणि हवा अगदी मंद ठेवा, जोराच्या प्रवाहात पिल्लं दमतात. आणि टँकवर झाकण हवंच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लांचा हवेतून श्वास घ्यायचा अवयव तयार होतो, त्या वेळी पाण्यावरची हवा गार असेल तर त्रास होतो. अडीच-तीन महिन्यांचे नर एकमेकांचे पंख ओरबाडायला लागतात, त्यामुळे तेवढे वेगळे डबे ठेवायला जागा आहे का ते जोडी लावायच्या आधी बघा. नसेल तर झेब्रा (पट्ट्यापट्ट्यांचा छोटा झेब्रा डॅनिओ मासा) घ्या, तळाला गोट्या टाका म्हणजे मोठ्यांना अंडी खाता येत नाहीत, आणि मोठी झाल्यावर सगळी एकाच टँकमधे सुखाने राहतात. बरणी मात्र त्यांच्या पिल्लांना पण लागते.

मैत्रिणीला मी माझी तयार बरणी नेऊन दिली. तिची पिल्लं आज आठव्या दिवशी आहेत आणि कालपासून ब्राईन श्रिंप खातायत. मी माझ्यासाठी दुसरी लावलीये, अजून गढूळ आहे, निवळली की जोडी सोडेन.